बालकांचे मूलपेशी-प्रत्यारोपण आणि रक्तातून रोग वेगळा काढण्याचे तंत्र

थॅलेसेमिया मेजर हा आजार घेऊन जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपुढे एक अवघड पेच असतो. मूल हसते-खेळते, शाळेत जाते. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवले की त्याचे बरे चाललेले दिसते. या आजारातून कायमचे मुक्त करणारा उपाय वैद्यकशास्त्राकडे आहे. तथापि त्या उपायातच मूल दगावण्याची शक्यता असते. उपाय पुढे ढकलावा, तर शरीरात साठत जाणारे लोह यकृत व हृदय पोखरत राहते आणि नंतर तोच उपाय अधिक धोक्याचा होऊन बसतो. धडधाकट दिसणाऱ्या मुलाला या परीक्षेत घालावे का, आणि घालायचे तर केव्हा, हा प्रश्न आजही हजारो घरांत विचारला जातो. गेल्या सहा दशकांतील संशोधनाने त्याचे उत्तर पुष्कळ सोपे केले आहे. हे संशोधन दोन शाखांचे आहे. एक मूलपेशींच्या प्रत्यारोपणाची, तर दुसरी रक्तातील नेमका घटक वेगळा काढण्याच्या तंत्राची. या तंत्राला ‘अफेरेसिस’ असे म्हणतात.

मज्जेतील बीज

रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्हींचा उगम हाडांच्या पोकळीतील मज्जेत होतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणजे मज्जेला अहोरात्र नव्या पेशी घडवाव्या लागतात. हे काम ज्या मोजक्या पेशींकडून होते त्यांना रक्तमूलपेशी म्हणतात. अशी एकच पेशी अनेक प्रकारच्या रक्तपेशींना जन्म देऊ शकते, हे टोरांटो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्युलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ पासून उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. प्रत्यारोपणाचे तत्त्व यातून स्पष्ट होते. सदोष किंवा कर्करोगग्रस्त मज्जा औषधांनी रिकामी करावयाची आणि निरोगी दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे सोडावयाच्या. या पेशी रक्तप्रवाहातून आपली वाट शोधत हाडांच्या पोकळीत जाऊन रुजतात. दोन ते चार आठवड्यांत नव्या पांढऱ्या पेशी रक्तात दिसू लागतात. यात शस्त्रक्रिया अशी काही नसतेच. रुग्णाच्या दृष्टीने तो एक रक्त चढविण्याचा प्रसंग असतो. खरी कसोटी असते ती त्याआधीच्या औषधांची आणि त्यानंतरच्या महिन्यांची.

अपयशातून उभी राहिलेली विद्या

अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना शिरेवाटे मज्जा दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. दाता आणि रुग्ण यांच्या ऊतींचा मेळ कसा जमवावा हे तेव्हा ठाऊक नव्हते. फ्रान्सचे जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये मानवी पांढऱ्या पेशींवरील पहिली ऊतिखूण शोधली. त्यातून पुढे ‘एचएलए’ ही जुळणीची पद्धती विकसित झाली आणि या विद्येला दिशा मिळाली. पहिले चिरस्थायी यश लाभले ते एका बालकालाच. १९६८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट गुड यांनी जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या काही महिन्यांच्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली. ज्या घराण्यात याच आजाराने अनेक मुलगे गेले होते, तेथील हा मुलगा वाढला, मोठा झाला. थॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मृती रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने केले. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ मध्ये थॅलेसेमियासाठीचे प्रत्यारोपण झाले आणि ते केंद्र पुढे या क्षेत्रातील देशातील एक प्रमुख केंद्र बनले.

वाट पाहण्याची किंमत

थॅलेसेमियावर १९८१ च्या अखेरीस सिएटल येथे थॉमस यांच्या पथकाने एका बालकाचे प्रत्यारोपण केले. त्याच सुमारास इटलीतील पेझारो या गावी डॉ. ग्विदो लुकारेली यांनी हे काम हाती घेतले आणि पाहता पाहता ते छोटे शहर थॅलेसेमियाग्रस्त कुटुंबांचे तीर्थक्षेत्र झाले. लुकारेली यांचे महत्त्वाचे योगदान म्हणजे रुग्णांची त्यांनी केलेली वर्गवारी. यकृताची वाढ, यकृतातील तंतुमयता आणि लोह काढून टाकणाऱ्या औषधांतील अनियमितपणा, असे तीन धोके त्यांनी मानले. एकही धोका नसलेली मुले पहिल्या वर्गात, एक-दोन असलेली दुसऱ्या वर्गात आणि तिन्ही असलेली तिसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातील दहापैकी जवळजवळ नऊ मुले प्रत्यारोपणानंतर थॅलेसेमियामुक्त झाली. तिसऱ्या वर्गातील निष्कर्ष मात्र त्यामानाने बरेच खालावलेले होते.

या वर्गवारीने पालकांच्या प्रश्नाला प्रथमच नेमके उत्तर दिले. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, तर शरीर दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह बाहेर टाकू शकत नाही. म्हणजे प्रत्येक पिशवीचा हिशेब यकृतात साठत जातो. लोह काढणारे औषध पूर्वी पोटाच्या कातडीखाली सुई टोचून रात्रभर पंपाने द्यावे लागे. मुले कंटाळत, पालक थकत. पाण्यात विरघळवून रोज घ्यावयाच्या डेफेरासिरॉक्स या औषधाला २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हे ओझे हलके झाले. ज्याला जुळणारे भावंड आहे आणि ज्याचे यकृत अद्याप शाबूत आहे, अशा मुलाचे प्रत्यारोपण लहान वयात करणे श्रेयस्कर, हा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे.

जुळणारा दाता

सख्खे भावंड एचएलएच्या दृष्टीने पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक इतकी असते. छोट्या कुटुंबांच्या काळात अनेक मुलांना असे भावंड मिळतच नाही. त्यासाठी तीन वाटा निघाल्या. पहिली स्वेच्छादात्यांच्या नोंदवहीची. लंडनमध्ये १९७४ मध्ये जगातील अशी पहिली नोंदवही सुरू झाली. भारतातही अशा नोंदवह्या आहेत. तथापि एचएलएचे प्रकार वंशपरत्वे बदलत असल्याने भारतीय मुलाला जुळणारा दाता बहुधा भारतीयांमध्येच सापडतो आणि नोंदलेल्या दात्यांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फारच तोकडी आहे.

दुसरी वाट नाळेतील रक्ताची. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन त्याची मज्जा पुन्हा उभी केली. तिसरी वाट अर्ध्या जुळणीची. आई किंवा वडील आपल्या मुलाशी नेहमीच निम्मे जुळतात. पूर्वी अशा प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर व यकृतावर तुटून पडत. या गुंतागुंतीला ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज’ म्हणतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध देऊन हा हल्ला आटोक्यात आणता येतो हे दाखविले. भारतासारख्या देशासाठी ही पद्धती मोलाची ठरली, कारण तिला महागड्या यंत्राची गरज नाही आणि दाता घरातच असतो.

दाता स्वतः लहान मूल असेल, तर नीतीचा प्रश्नही उभा राहतो. भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढावी लागते आणि त्यातून त्याला शारीरिक लाभ काहीच नसतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० मध्ये यासंबंधी काही अटी सुचविल्या. तितकाच योग्य प्रौढ नातलग उपलब्ध नसावा, दाता व रुग्ण यांच्यात निकटचे नाते असावे, रुग्णाला लाभ होण्याची रास्त शक्यता असावी, दात्याचा धोका कमीत कमी राखलेला असावा आणि पालकांच्या परवानगीबरोबर त्या मुलाचीही वयानुरूप संमती घेतलेली असावी. घरातील सारे लक्ष आजारी मुलाकडे लागलेले असताना या धाकट्या दात्याची विचारपूस करणे हाही उपचाराचाच भाग होय.

चाळणीविना गाळणे

अफेरेसिस या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘काढून घेणे’ असा आहे. बोलीभाषेत रक्त गाळणे म्हटले, तरी बहुतेक यंत्रांत चाळणी नसते. एका शिरेतून आलेले रक्त वेगाने फिरणाऱ्या भांड्यात जाते. जड तांबड्या पेशी बाहेरच्या कडेला, हलका रक्तद्रव आतल्या बाजूला आणि या दोहोंच्या मधोमध पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचा पातळ थर, अशी विभागणी तेथे होते. हवा तो थर काढून उरलेले रक्त दुसऱ्या शिरेतून परत दिले जाते. डायलिसिसपेक्षा हे निराळे आहे. डायलिसिसमध्ये पाण्यात विरघळलेले लहान रेणू बाहेर काढले जातात. येथे संपूर्ण पेशी किंवा प्रतिपिंडासारखी मोठी प्रथिने वेगळी केली जातात.

या यंत्राच्या जन्माची कथाही एका मुलाच्या आजाराशी निगडित आहे. आयबीएम कंपनीतील अभियंता जॉर्ज जडसन यांच्या किशोरवयीन मुलाला १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ल्युकेमिया झाला. रुग्णालयातील रक्तविलगीकरणाची किचकट पद्धत पाहून जडसन यांनी सतत चालणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. एमिल फ्रायराइख यांच्या सहकार्याने १९६० च्या दशकाच्या मध्यास ती प्रत्यक्षात आणली. आजच्या अफेरेसिस यंत्रांचा तो पूर्वज.

आज प्रत्यारोपणासाठी मूलपेशी मिळविण्याचे हेच एक प्रमुख साधन आहे. दात्याला जी-सीएसएफ हे औषध काही दिवस टोचले की मज्जेतील मूलपेशी रक्तात उतरतात. मग त्यांच्या अंगावरील ‘सीडी ३४’ या खुणेवरून त्या मोजता येतात. रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान २० लाख अशा पेशी हाती लागाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र थॅलेसेमियासारख्या कर्करोगेतर आजारांत बालकांना शक्यतो थेट मज्जाच दिली जाते. कारण रक्तातून गोळा केलेल्या पेशींमुळे दीर्घकालीन ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट आजाराचे प्रमाण वाढते.

लहान शरीर, मोठे यंत्र

ही यंत्रे मुळात प्रौढांसाठी बनलेली आहेत. त्यांच्या नळ्यांत एका वेळी दीडशे ते अडीचशे मिलिलिटर रक्त बाहेर असते. प्रौढाच्या पाच लिटर रक्तापुढे हे काहीच नव्हे. परंतु बालकाच्या शरीरात दर किलोमागे सुमारे ७० ते ८० मिलिलिटर रक्त असते. दहा किलोच्या मुलाच्या एकूण पाऊण लिटर रक्तापैकी पाव हिस्सा यंत्रात गेला, तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून लहान मुलांसाठी यंत्राच्या नळ्या आधीच दात्याच्या रक्ताने भरून घेतात.

दुसरी अडचण सायट्रेटची. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळतात आणि ते रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवते. प्रौढ रुग्ण ओठांना मुंग्या येत असल्याचे सांगतो. दोन वर्षांचे मूल फक्त किरकिर करते. ती किरकिर हट्टाची की कॅल्शियम घसरल्याची हे ओळखण्यासाठी अनुभवी परिचारिका लागते, शिवाय रक्ताची वारंवार तपासणी. तिसरी अडचण शिरेची. बालकाच्या हाताची शीर इतका प्रवाह सोसत नसल्याने मान किंवा जांघ येथील मोठ्या शिरेत नळी बसवावी लागते आणि नळी म्हटली की जंतुसंसर्गाची धास्ती आलीच.

कोणत्या आजारात हे तंत्र खरोखर उपयोगी आहे, याचे पुरावे अमेरिकन सोसायटी फॉर अफेरेसिस ही संस्था १९८६ पासून वेळोवेळी चार श्रेणींत मांडत आली आहे. पहिल्या श्रेणीत हा प्रथम पसंतीचा उपचार असतो, तर चौथ्या श्रेणीत तो निरुपयोगी किंवा अपायकारक ठरलेला असतो. ‘टीटीपी’ या रक्तविकाराचे उदाहरण बोलके आहे. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि पूर्वी दहापैकी नऊ रुग्ण दगावत. रक्तद्रव बदलण्याच्या उपचाराने बहुसंख्य रुग्ण वाचू लागले. १९९१ मध्ये कॅनडातील चाचणीने हे सिद्ध केले. मात्र हाच आजार जन्मजात असेल, तर मुलाला केवळ उणे असलेले प्रथिन रक्तद्रवातून देणे पुरते. यंत्राची गरज भासत नाही. यंत्र उपलब्ध आहे म्हणून ते वापरावे असे नव्हे.

सिकल सेल आणि पक्षाघात

सिकल सेल आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवितात. विदर्भासह मध्य भारतातील आदिवासी व अन्य समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. बालकांना त्यातून पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकेतील ‘स्टॉप’ या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करून धोक्यातील १३० मुले निवडली गेली. ज्यांना नियमित रक्त दिले त्यांच्यात एका मुलाला, तर इतरांत ११ मुलांना पक्षाघात झाला. धोका ९२ टक्क्यांनी घटल्याचे दिसताच चाचणी मुदतीपूर्वी थांबवून सर्वांना उपचार देऊ करण्यात आला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीने रक्त देणे थांबविल्यास धोका परततो हेही दाखविले.

येथे अफेरेसिसचा लाभ दुहेरी आहे. यंत्राने मुलाच्या विळ्यासारख्या पेशी काढून तेवढ्याच निरोगी पेशी दिल्या, तर दोषयुक्त हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली ठेवता येते आणि लोहही फारसे साठत नाही. उणी बाजू एवढीच, की प्रत्येक वेळी अधिक दात्यांचे रक्त लागते. रक्ताचा तुटवडा असलेल्या जिल्ह्यात ही बाजू लहान नव्हे.

प्रत्यारोपणानंतरची लढाई

दात्याच्या पेशींचा हल्ला स्टेरॉइडलाही दाद देत नाही तेव्हा आणखी प्रबळ औषधे द्यावी लागतात. पण त्यामुळे प्रतिकारशक्ती खचून जंतुसंसर्ग मुलाचा घास घेतो. अशा वेळी ‘फोटोफेरेसिस’ उपयोगी पडते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. रिचर्ड एडलसन यांनी १९८७ मध्ये त्वचेच्या एका कर्करोगासाठी हे तंत्र वर्णिले. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांत प्रकाशाने जागृत होणारे औषध मिसळतात, त्यांवर अतिनील किरण टाकतात आणि पेशी परत देतात. या पेशी मरता मरता उर्वरित प्रतिकारव्यवस्थेला शांत करतात, असे मानले जाते. सर्वंकष प्रतिकारशक्ती न दडपता हल्ला सौम्य होतो, हे याचे वैशिष्ट्य. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या या आजारासाठी दोन महिन्यांवरील बालकांना देता येणाऱ्या रेमेस्टेमसेल या पेशी-औषधालाही मान्यता दिली.

पेशी काढा, बदला, परत द्या

या दोन्ही शाखांचा संगम नव्या उपचारांत दिसतो. ‘कार-टी’ उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी अफेरेसिसने काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखण्याचे जनुक देऊन परत सोडतात. बालकांच्या ल्युकेमियासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला प्रथम मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई व टाटा स्मृती केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार १९’ या देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. त्याची किंमत परदेशी उपचाराच्या साधारण एक दशांश आहे.

सिकल सेल व थॅलेसेमियासाठी जनुक-संपादनाचा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केला. पाठोपाठ अमेरिकेनेही केला. यात दाता लागत नाही, म्हणून दात्याच्या पेशींच्या हल्ल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु पेशी गोळा करण्यासाठी अफेरेसिस अनेकदा करावे लागते, मज्जा रिकामी करणारे जहाल औषध चुकत नाही आणि अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर इतकी आहे. आपल्याकडील बहुतेक मुलांसाठी भावंडाची किंवा पालकांची मज्जा हाच तूर्त व्यवहार्य मार्ग आहे.

जाहिराती आणि वास्तव

प्रसूतिगृहांत नाळेतील रक्त ‘बाळाचा जैविक विमा’ म्हणून साठविण्याचा आग्रह होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पुढे स्वतःच्या उपयोगासाठी असे रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही. कारण सरळ आहे. ज्या मुलाला जन्मतः थॅलेसेमिया आहे, त्याच्या नाळेतील पेशींतही तोच दोष असतो. घरात आधीच असा रुग्ण असेल आणि नवे भावंड जन्माला येणार असेल, तेव्हा नाळेचे रक्त राखून ठेवणे अर्थपूर्ण ठरते. तसेच ‘स्टेम सेल’ या नावाखाली स्वमग्नतेसारख्या स्थितींवर चालणाऱ्या उपचारांची रक्तविकारांतील या सिद्ध उपचाराशी गल्लत करू नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्वमग्नतेसाठी असे उपचार न करण्याची शिफारस २०२२ मध्ये केली आहे.

खर्च आणि एक साधी तपासणी

भारतात दरवर्षी सुमारे दहा हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. प्रत्यारोपणाचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून सुरू असलेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र मुलांना दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मुंबई महापालिकेनेही बोरिवली येथे बालकांसाठी थॅलेसेमिया व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र उभारले आहे. सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली असून तिचे लक्ष्य २०४७ हे वर्ष आहे.

तथापि या साऱ्या प्रगतीपेक्षा स्वस्त असा एक उपाय हाताशी आहे. आई व वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाधित मूल जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते, त्यामुळे तिला याची कल्पनाही नसते. सिंधी, लोहाणा, कच्छी, भानुशाली, पंजाबी अशा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आढळले आहे. पण इतर समाजही त्यापासून मुक्त नाहीत. हिमोग्लोबिन ए-२ ची रक्ततपासणी विवाहापूर्वी, निदान गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यांत, करून घेतली तर ही बाब वेळीच कळते. सायप्रस व सार्डिनिया येथे अशा तपासणीनंतर बाधित बालकांचे जन्म झपाट्याने घटले. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत पत्रिका आवर्जून पाहिली जाते. त्याच कागदांत या तपासणीच्या अहवालाची भर पडली, तर अनेक आईवडिलांवर तो अवघड पेच सोडविण्याची वेळच येणार नाही.